क्लॉक जुळणी (डिजिटल ध्वनियंत्रणा)

डिजिटल ध्वनियंत्रणेतील सर्व उपकरणे एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालावीत यासाठी करायची मांडणी. मिक्सर, रेकॉर्डर, स्टेजबॉक्स, इफेक्ट युनिट यांपैकी दोन उपकरणे डिजिटल केबलने जोडली की ती करावीच लागते. इनपुट-आउटपुटची निवड (रूटिंग) हा याच कामाचा पुढचा भाग. क्रम मात्र पाळावा : आधी क्लॉक, मग रूटिंग, शेवटी पातळी. साऊंडवाले बहुधा उलट्या बाजूने सुरुवात करतात आणि कार्यक्रमाच्या मध्यावर टकटक ऐकू आली की केबलला दोष देतात.

ध्वनीचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो सॅम्पल रेट. सीडीचा ४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो, पण तो व्हिडिओ टेपमधून आला : सेकंदाला ६० क्षेत्रे (फील्ड), प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ ओळी आणि ओळीमागे ३ नमुने. चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी ४८,००० रुळला, कारण सेकंदाच्या २४ किंवा २५ चौकटींनी त्याला पूर्ण भाग जातो. ४४,१०० वर मुद्रित केलेले गाणे ४८,००० च्या क्लॉकवर वाजवले तर दहा मिनिटांची रचना ९ मिनिटे ११ सेकंदांत संपते. लय चढते आणि स्वरही सुमारे दीड अर्धस्वर वर सरकतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो, म्हणजे पेटीवर जिथे पट्टीच नाही तिथे. ही चूक कानाला लगेच कळते, म्हणून ती कमी धोक्याची.

खरा घोटाळा दोन्ही उपकरणांवर ४८,००० दिसत असताना होतो. आकडा सारखा असला तरी प्रत्येकाचा क्वार्ट्‌झ स्फटिक वेगळा असतो. त्यांच्यात दशलक्षात २० भागांचा फरक असेल, तर सेकंदाला जवळजवळ एक नमुना जास्त येतो किंवा कमी पडतो, आणि तो सांधा ‘टक्‌’ असा ऐकू येऊ शकतो. उपकरणे एकमेकांना जोडलेलीच नसतील, उदाहरणार्थ कॅमेरा व रेकॉर्डर, तर टक्‌ नसते; पण तीन तासांच्या नाट्यप्रयोगात आवाज ओठांपासून सुमारे ०.२ सेकंद दूर जातो.

दोन ठिकाणच्या नोंदी एका काळावर आणण्याचा प्रश्न अलिबागला डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या कितीतरी आधी आला होता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी अलिबागला हलवण्यात आल्या. (हा कुलाबा मुंबईचा, अलिबागसमोरच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा.) अलिबागची नोंद १९०४ मध्ये सुरू झाली, आणि जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले गेले. सांधा बिनचूक बसायला दोन्हीकडचे क्षण आधी जुळावे लागतात. ध्वनीतही तेच, फक्त तिथे क्षण सेकंदाच्या ४८,००० व्या भागाचा.

जुळणीत एक उपकरण मास्टर ठरवतात; त्याचे क्लॉक ‘इंटरनल’वर ठेवतात. बाकीची सगळी बाहेरून क्लॉक घेतात : एईएस३, एसपीडिफ, अ‍ॅडॅट किंवा मॅडी यांच्या संकेतातून, नाहीतर वेगळ्या वर्ड क्लॉक केबलमधून. दोन मास्टर नकोत, आणि अ ने ब कडून व ब ने अ कडून क्लॉक घेणे तर मुळीच नको. तिथे पुढारीच उरत नाही. डान्टेसारख्या नेटवर्क पद्धतीत उपकरणे पुढारी आपोआप निवडतात. तरी तो कोण झाला ते पाहून घ्यावे, आणि बाहेरचे क्लॉक घेणारे उपकरण नेटवर्कवर असेल तर पसंती त्याला द्यावी.

वर्ड क्लॉकची केबल ७५ ओहमची. साखळीतल्या शेवटच्या उपकरणावर ७५ ओहमचे टर्मिनेशन हवे. ते नसेल तर संकेत टोकावरून उलटा परततो. प्रत्येक उपकरणावर चालू राहिले तर संकेत दुबळा पडतो. एईएस३ ला ११० ओहमची केबल लागते. ती एक्सएलआर असल्याने माइकच्या केबलसारखीच दिसते आणि गडबडीत माइकचीच लावली जाते. थोड्या अंतरावर ती चालून जाते, लांब अंतरावर नाही.

रूटिंगमध्ये एकच गोष्ट वारंवार नडते : अ‍ॅडॅटच्या एका ऑप्टिकल केबलमधून ४८,००० वर आठ चॅनेल जातात, ९६,००० वर फक्त चार. पातळीबाबत, व्यावसायिक आणि घरगुती लाइन-पातळीत सुमारे १२ डेसिबलचा फरक असतो. तो दुर्लक्षिला की एक तर आवाज दबतो किंवा फाटतो.

दोन क्लॉक जुळतच नसतील, उदाहरणार्थ प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेकडून तिच्याच क्लॉकवर आवाज येत असेल, तर मध्ये सॅम्पल रेट कन्व्हर्टर घालतात. ‘लॉक’चा दिवा पेटला म्हणून निश्चिंत होऊ नये, तो ताल सापडल्याचे सांगतो, तो कोणाचा ते नाही. अलिबागसारख्या समुद्रकाठी खाऱ्या दमट हवेने वर्ड क्लॉकच्या बीएनसी जोडण्यांवर हिरवट थर चढतो आणि तालमीत लागलेला लॉक संध्याकाळी सुटतो. म्हणून तालमीनंतर जोडण्या पुसून, घट्ट करून, कार्यक्रमाआधी तो दिवा पुन्हा पाहतात.