एका गावचा जमाखर्च

पुण्याजवळ पवनेच्या काठी पिंपळे सौदागर हे गाव आहे. आज तिथे उंच इमारती उभ्या आहेत. नांगर शोधूनही सापडायचा नाही. पण शेतजमिनीचे तुकडे हा प्रश्न आकड्यांनिशी पुढे आला, तो या गावातून.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सरकारदरबारी गावाची माहिती नव्हती असे नाही. दप्तरात सर्व्हे नंबर होते, सारा होता, खातेदारांची नावे होती. त्या जमिनीवर घर चालते की नाही, एवढेच त्यात नव्हते! मॅनसाहेबांनी जुने कागद चाळले. १७७१ साली एका खात्यामागे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ साली ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे. त्यांतले ४६३ एकराहून लहान, आणि ११२ तर दहा गुंठ्यांच्याही आतले. आता तुम्हीच सांगा, असल्या तुकड्यात औत फिरवायचे कसे आणि बांधाला जागा सोडायची किती?

मग घरांचा जमाखर्च मांडला. १०३ कुटुंबांची मिळकत आणि गावच्याच रीतीने लागणारा खर्च ताडून पाहिला. निव्वळ शेतीवर भागत होते ८ घरांचे. २८ घरे बाहेरच्या कमाईमुळे तगली होती. उरलेल्या ६७ घरांत काही केल्या तोंडमिळवणी होत नव्हती. पुणे-खडकी हाकेच्या अंतरावर असताना ही गत! पुढे कोरडवाहू भागातल्या जातेगाव बुद्रुकची अशीच पाहणी झाली. तिचा वृत्तान्त १९२१ साली निघाला. तिथली स्थिती याहून वाईट होती.

राज्यकर्त्यांनी यातले काय उचलले? तुकडे. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात लहान शेतांविषयीचे बिल आले. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, बैल-अवजारे आणि भांडवल किती यावर ठरते, आणि जमिनीवरचा माणसांचा भार उतरायला उद्योगधंदे हवेत, असे त्यांनी १९१८ सालच्या निबंधातच मांडले होते. मॅनसाहेबांची ती २८ घरे दुसरे काय सांगत होती? पण ७२९ हा आकडा लोकांच्या ध्यानात राहिला, २८ चा राहिला नाही, असे मला वाटते.

ते बिल बारगळले. १९४७ साली मात्र मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. तुकडा पाडून विकायला बंदी आली. पण वाटणी मागणाऱ्या धाकट्या भावाला दुसरे काम कुठले, हे कायद्यात कसे असणार? तेव्हा कित्येक ठिकाणी भाऊ तोंडी वाटणी करून आपापला भाग कसू लागले आणि कागदोपत्री जमीन एकत्रच राहिली. गुरुजींनी आपल्या गावचा एखादा गट नंबर घ्यावा, सातबाऱ्यावरची नावे वाचावीत आणि मग मुलांना घेऊन त्या शेतातले बांध मोजून यावेत.