विजेच्या दुचाकीची व्याख्या आणि नगराचा अधिकार

कायद्याच्या इतिहासात वस्तूपेक्षा तिची व्याख्याच पुष्कळदा अधिक परिणामकारक ठरते. विजेची दुचाकी हे ह्याचे ठळक उदाहरण होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चारांहून कमी चाकांच्या वाहनांपैकी अत्यल्प क्षमतेच्या इंजिनाची वाहने ‘मोटार वाहन’ ह्या संज्ञेतून वगळली. ही मर्यादा आज २५ घन सेंटिमीटर आहे. परंतु विजेच्या मोटारीस हे माप लागू पडत नाही. म्हणून केंद्रीय नियमांत पुढे निराळे माप आले. शक्ती २५० वॉटपेक्षा व वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असल्याचे चाचणीसंस्थेने प्रमाणित केल्यास ते वाहन मोटार वाहन नव्हे. हेच आकडे युरोपीय समुदायाच्या २००२ च्या निर्देशातही आढळतात. तथापि तेथे सवलत होती ती पायडल मारणाऱ्यास साहाय्य करणाऱ्या सायकलीपुरती. आपल्याकडे ही अट सरसकट नसल्यामुळे स्कूटरही सायकलीच्या पंक्तीस बसली आणि नोंदणी, अनुज्ञप्ती व विमा ह्यांतून मुक्त झाली.

ह्याचा परिणाम विठ्ठलवाडीसारख्या, कल्याण व उल्हासनगर ह्यांच्या सीमेलगतच्या वस्तीत स्पष्ट होतो. अशा दुचाकीने पादचाऱ्यास धडक दिल्यास माग काढावयास ‘एमएच ०५’ हा क्रमांक नसतो आणि भरपाईस विमा नसतो. २०२२ मधील परिवहन खात्याची मोहीम शक्ती व वेग वाढविलेल्या वाहनांविरुद्ध होती. मर्यादा पाळणारे वाहन तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

म्हणून अशा वाहनास कोणताच नियम नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यातील ‘वाहन’ ही संज्ञा हातगाडी व सायकल ह्यांसह रस्त्यावरील प्रत्येक चाकांच्या साधनास व्यापते. १९५१ च्या पोलीस कायद्याचे कलम ३३ सर्व प्रकारच्या रहदारीच्या नियमनाचा अधिकार देते. केंद्राच्या शब्दाबाहेर पडलेले वाहन नगराच्या शब्दात राहतेच.

प्रश्न उरतो तो अधिकार कोणी वापरावयाचा, हा. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ ची, उल्हासनगरची १९९६ ची. त्यांचे नियम हद्दीपाशी थांबतात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे पोलीस आयुक्तालयाचे क्षेत्र मात्र दोहोंना सामावते. ह्या छोट्या वाहनासाठी वेग, दिवा व पदपथ ह्यांविषयीचा एकच नियम तेथूनच निघू शकतो. त्यासाठी नव्या कायद्याची नव्हे, जुन्या संज्ञेच्या यथार्थ वाचनाची आवश्यकता आहे.