पाव मुठीचा इतिहास : मोटरसायकलच्या कार्बोरेटरविषयी

यंत्रांचा इतिहास बहुधा विक्रमांच्या बाजूने लिहिला जातो, आणि मोटरसायकलच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. शर्यती, ताशी वेग, अश्वशक्ती यांच्या नोंदी मुबलक सापडतात. परंतु रोज रस्त्यावर मोटरसायकल चालवणारा मनुष्य उजव्या हाताची मूठ पूर्ण पिळतो तो अपवादानेच. सिग्नल, खड्डे, रिक्षांची दाटी, शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारी मुले यांतून वाट काढताना त्याचा बहुतेक व्यवहार मुठीच्या पहिल्या पाव भागात चालतो. कार्बोरेटर नावाचे उपकरण नेमके याच भागात सर्वांत दुबळे होते. त्याचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या दुबळेपणाला ठिगळे लावण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे, की या ठिगळांची निगा राखणारे एक मोठे ज्ञान आपल्याकडे गॅरेजमध्ये, मुख्यतः बोलण्यातून आणि हाताखाली काम करण्यातून पुढे गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. मौखिक परंपरांविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो; ही परंपरा मात्र त्या यादीत सहसा येत नाही.

आधी शब्द पाहू. 'कार्बोरेटर' या शब्दाचे मूळ फ्रेंच 'कार्ब्युर'मध्ये, म्हणजे कार्बनच्या संयुगात आहे. हवेला कार्बनयुक्त करणारे ते कार्बोरेटर. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ किंवा सूक्ष्म तुषार हवेत मिसळावे लागतात. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन वाफ घेतली जात असे. या पद्धतीत इंधनाचा हलका अंश आधी उडून जाई आणि जड अंश मागे उरे. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी स्वतंत्रपणे तुषार उडवणारी रचना सिद्ध केली. बांकी-चोंकांना ही कल्पना फुलांवर तोंडाने पाणी फवारणाऱ्या एका फुलवालीला पाहून सुचली, अशी आख्यायिका सांगतात. न्यूटनच्या सफरचंदाप्रमाणे या कथेवरही फार विसंबू नये. तरी मनात चित्र उभे राहायला ती उपयोगी पडते.

तुषार उडतात ते बर्नुली आणि व्हेंचुरी यांनी अठराव्या शतकात वर्णन केलेल्या तत्त्वाने. नळी मध्ये अरुंद केली की तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या कटोरीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढले जाते. मेख अशी, की ही ओढ हवेच्या वेगावर अवलंबून आहे. मूठ मिटलेली असताना इंजिन फारच थोडी हवा घेते, वेग उरत नाही, आणि मुख्य जेटमधून पेट्रोल चढतच नाही. ज्या तत्त्वावर हे उपकरण उभे आहे ते संथ चालीत कामाचे राहत नाही! म्हणून झडपेच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, जेथे निर्वात ओढ तीव्र असते तेथे एक वेगळी बारीक वाट काढावी लागली. तिला पायलट जेट किंवा स्लो जेट म्हणतात. शहरातल्या सुखाचा पहिला आधार हा दुय्यम वाटणारा मार्ग आहे.

आरंभीच्या ब्रिटिश मोटरसायकलींवर हँडलला दोन दांड्या असत, एक मिश्रणाची आणि एक हवेची. चढ आला, उतार आला, इंजिन थंड असले, की स्वार दोन्ही दांड्या हलवून प्रमाण जमवत असे. गाडी चालवणे आणि ती ट्यून करणे या तेव्हा दोन वेगळ्या क्रिया नव्हत्याच. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन उत्पादकांच्या एकत्रीकरणातून 'अमल' हे नाव पुढे आले. (आपल्या कानाला ते संस्कृत वाटते, प्रत्यक्षात ते 'अमाल्गमेटेड'चे संक्षिप्त रूप आहे.) पुढच्या काळात स्लाइड कार्बोरेटरची रचना स्थिरावली आणि हवेची दांडी हळूहळू हँडलवरून गेली. स्वाराच्या हातातला निर्णय यंत्राच्या पोटात, पितळी भागांच्या मापांत गेला, असे म्हणता येईल.

या स्थिरावलेल्या रचनेत मुठीचा प्रवास वाटून दिलेला आहे. मिटलेल्या अवस्थेपासून सुमारे एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू यांचे राज्य असते. तेथून पाव भागापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरपा काप प्रभावी ठरतो. पाव ते पाऊण निमुळत्या सुईचा अंमल, आणि त्यापुढे मुख्य जेटचा. सीमा अर्थातच अशा रेखीव नसतात, अंमल एकमेकांत मिसळतात. नेमक्या या सांध्यांवर गाडी गचके देते, 'मिसिंग' करते, पिकअप घेत नाही. तीन सांध्यांपैकी पहिले दोन पाव मुठीच्या आत येतात, आणि पाऊण मुठीपुढचा मुख्य जेट बदलून शहरातला गचका जाईल अशी अपेक्षा करणारे हौशी स्वार चुकीच्या जागी पैसे खर्च करतात.

या दुखण्यावरचा एक उपाय मोटारींकडून आला. इंग्लंडमधील स्किनर बंधूंनी १९०५ च्या सुमारास अशी रचना केली, की अरुंद मार्गाचा आकार इंजिनच्या ओढीनुसार आपोआप कमी-जास्त व्हावा. होंडाने १९६५ च्या सीबी ४५० या मोटरसायकलवर याच जातीचे केहिन कार्बोरेटर बसवले. यात स्वाराची मूठ फक्त एक चकती फिरवते. स्लाइड वर जाते ती डायफ्रामवर पडणाऱ्या ओढीने, इंजिनला पेलवेल तेवढीच. हाताचा उतावळेपणा असा मध्येच शोषला जातो. रॉयल एनफिल्डच्या एकविसाव्या शतकातील ३५० सीसी गाड्यांवरही पुढे याच जातीचा कार्बोरेटर आला, आणि जुन्या बुलेटवर हात बसलेल्यांना तो मवाळ वाटला, यात नवल नाही.

आपल्याकडे मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली, म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागली, आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आणि हीरो होंडा सीडी १०० या अगदी भिन्न प्रकृतीच्या दोन गाड्या बाजारात आल्या. सीडी १०० ची जाहिरात टाकी भरा, बंद करा आणि विसरून जा अशा आशयाची होती. येथून 'मायलेज' हा शब्द मराठी घरांत मुरला. मुद्दा असा, की इंधन वाचवणारे मिश्रण आणि संथ चालीत मऊ वाटणारे मिश्रण एक नसते. मऊ चाल किंचित गडद मिश्रण मागते, मायलेज पातळ. गिऱ्हाईक दोन्ही मागत असे आणि मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन या दोन मागण्यांच्या मध्ये बसलेला असे. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांत तर मिश्रण पातळ करणे म्हणजे वंगणही कमी करणे. मायलेजच्या लोभाने पिस्टन जाम होई, तो असा.

जाणता मेकॅनिक कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावतो. आधी टॅपेट, प्लग, पॉइंट, एअर फिल्टर, केबलची ढील, आणि कार्बोरेटर व इंजिन यांमधल्या रबराला चीर तर नाही ना, हे पाहिले जाते. तेथून चोरून शिरणारी हवा कोणताही स्क्रू भरून काढू शकत नाही. मग गाडी दहा मिनिटे फिरवून गरम करायची, कारण थंड इंजिनवर केलेली जुळणी गरम झाल्यावर खोटी ठरते. मिश्रणाचा स्क्रू हलकेच पूर्ण आत टेकवून, दीड-दोन आटे बाहेर घेऊन आरंभ करायचा. आयडलिंग थोडे चढे ठेवून स्क्रू पाव-पाव आट्याने फिरवत इंजिनचा आवाज कोठे सर्वांत चढा आणि सलग होतो ते ऐकायचे. ती जागा सापडली की आयडलिंग उतरवायचे, आणि पुन्हा तेच. दोन-तीन आवर्तनांत गाडी 'बसते'. नंतर मूठ झटकन उघडून पाहायची. इंजिन क्षणभर गुदमरून उठले तर मिश्रण पातळ, जड आवाजात कुरकुरत उठले तर गडद. मूठ सोडल्यावर रेस सावकाश उतरत असेल किंवा सायलेन्सरमध्ये फटके वाजत असतील तरी संशय पातळपणाचाच. शेवटी प्लग काढून रंग पाहायचा. फिका तपकिरी हवा. पांढरा पडला तर पातळ, काजळला तर गडद.

यात एक विलक्षण गुंता आहे. जुन्या अमल किंवा मिकुनी पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवेचे नियंत्रण करतो. बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. डायफ्रामच्या बहुतेक कार्बोरेटरांत तो इंजिनच्या बाजूला असून पेट्रोल सोडतो. बाहेर काढला की मिश्रण गडद. खूण तीच, अर्थ उलटा. नवशिक्याने एका गाडीवर शिकलेले दुसऱ्या गाडीवर जसेच्या तसे लावले की फजिती ठरलेली. कंपनीच्या पुस्तिका आट्यांची संख्या देत, पण ती आरंभापुरती. उरलेले काम कानाचे. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर दोरा पाव केसाने सरकवत ऐकतो, त्याच जातीचे हे ऐकणे आहे.

तथापि या परंपरेचे गोड चित्र रंगवू नये. कान तयार होत असताना शिकाऊ मुलाचे हात पेट्रोलमध्ये असत, आणि आपल्याकडे शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री २००० साली थांबेपर्यंत ते पेट्रोल शिशाचे होते. ज्ञानाच्या या हस्तांतरणाची किंमत कोणाच्या शरीराने मोजली, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकामुळे साहित्याच्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असते : उंचीवर हवा विरळ होते आणि तेच जेट मिश्रण गडद करू लागते. त्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम डोंगरांपर्यंत जाण्याची गरज नाही. समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर नेली, तर हवा अंदाजे बारा टक्क्यांनी विरळ मिळते. घाट चढताना गाडी जड वाटते ती केवळ चढामुळे, असे समजणारे अर्धेच बरोबर असतात.

कायद्याची नजरही शेवटी याच पाव मुठीवर पडली. अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलांपासून मोटरसायकलींना उत्सर्जनाचे निकष लागू झाले. उत्पादकांनी पायलटचे मिश्रण पातळ केले आणि त्याच्या स्क्रूवर पितळी टोप्या ठोकून तो बंद केला. संथ चालीत गचके देणारी नवी कोरी गाडी ही पुष्कळदा अशा पातळपणाची देणगी असे, आणि टोपी भोकसून स्क्रू अर्धा आटा सोडणे हा तेथील हौशी मंडळींचा पहिला उद्योग ठरला. आपल्या पीयूसी चाचणीतही कार्बन मोनॉक्साइड मोजतात तो आयडलिंगला. दुचाकीसाठी २००० पूर्वीच्या गाड्यांना ४.५ टक्के, नंतरच्यांना ३.५ टक्के अशी मर्यादा ठरली. चाचणीपुरता स्क्रू फिरवून नंतर तो पूर्ववत करण्याची युक्ती त्यातूनच निघाली. ती चुकीची होती हे सांगायला नकोच; पण कायदा आणि सुखाची चाल एकाच स्क्रूवर टांगलेली होती हेही तितकेच खरे.

इंधन फवारणीची पद्धत, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, मोटरसायकलवर आपल्याकडे २००६ मध्ये हीरो होंडा ग्लॅमरने आणली. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० त्या पद्धतीची काढली आणि २००९ मध्ये त्याच गाडीवर पुन्हा कार्बोरेटर बसवला! इतिहास सरळ रेषेत जात नाही याचे यापेक्षा हाताशी असलेले उदाहरण वर्गात देता येणार नाही. पुढे २०२० च्या निकषांनी प्रश्न निकालात काढला. आता हवेचे प्रमाण संवेदक मोजतात आणि क्षणोक्षणी संगणक पेट्रोल ठरवतो. हँडलवरच्या हवेच्या दांडीचे काम एका अर्थी त्याच्याकडे गेले.

तथापि जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच, आणि त्यांच्यापुढे नवी अडचण उभी आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. या इथेनॉलचा काही भाग उसापासून येतो, आणि त्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्याने अशा पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भागच हवा लागते. इंजेक्शनची गाडी ही तफावत बऱ्याच अंशी सावरून घेते. कार्बोरेटरचे छिद्र मात्र तेवढेच राहते, म्हणून काल जमलेली गाडी आज पातळ चालते. पाव मुठीत गुदमरते, उतारावर फटके देते. हवेचा स्क्रू पाव-अर्धा आटा आत घ्यावा, सुईची क्लिप एक खाच खाली लावून सुई वर उचलावी, तेवढ्याने भागले नाही तर पायलट जेट एक माप मोठा घालावा. त्याआधी पेट्रोलची नळी, कटोरीचे गॅस्केट आणि इतर रबरी भाग पाहून घ्यावेत, कारण जुन्या जातीचे रबर इथेनॉलने फुगते. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कटोरी रिकामी करून ठेवावी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि पायलट जेटचे छिद्र इतके बारीक असते की ते सर्वांत आधी तुंबते.