मामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातलं कडं

परवा बऱ्याच दिवसांनी नगरला मामांकडे जाणं झालं. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच.) गॅरेजच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक प्लॅस्टिकचं कडं दिसलं. अंगठीपेक्षा थोडं मोठं, एका बाजूने चिरलेलं. मी विचारलं, "मामा, हे काय?" मामा नुसते हसले. नंतर आठवलं!

मामांचा हात लूनावर बसलेला. हस्तिमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ही ५० सीसीची मोपेड आणली. कारखाना आमच्या नगर-दौंड रस्त्यावरच, त्यामुळे लूना म्हणजे घरची पोर. तिची पेट्रोलची नळी काढायला अक्कल लागत नसे. कॉक बंद करा, पकडीने तारेची क्लिप दाबा, नळी ओढा. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच खाली यायचं. चार थेंब बोटांवर सांडले की लुंगीला पुसायचे. (मामी ओरडायची ते वेगळं.)

मग गाड्यांत इंजेक्शन आलं. त्यात टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाने ढकलतो. कारच्या टायरात साधारण दोन बार हवा असते, इथे तीन-साडेतीन बार. एवढ्या दाबाला क्लिप कुठली पुरणार? म्हणून झटपट जोड आले. नळीच्या टोकाला उंचवटा असतो आणि जोडाच्या आतले स्प्रिंगचे दात त्याच्या मागे अडकतात. ओढाल तेवढे घट्ट! सुटायचं तर ते दात आतून फाकवावे लागतात. काही जोडांना बाहेरूनच दाबायचं बटण असतं, पण ज्यांना नसतं त्यांच्यासाठी हे कडं. नळीवर चढवायचं, नळी थोडी आत ढकलायची, कडं जोडात सरकवायचं आणि मग अलगद ओढायचं. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे दाब उतरतो.

हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. २०११ ला एका गिऱ्हाइकाची कार आली. मामांनी स्क्रू ड्रायव्हर घातला, दात मोडला, आणि पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत. मी तिथेच होतो. नळाखाली डोकं धरून मामा अर्धा तास बसले होते. डोळे वाचले. इंजिन थंड होतं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. नवी नळी मामांनी पदरच्या पैशांनी घातली. त्यापेक्षा जास्त लागलं ते गिऱ्हाईक म्हणालं ते, "जमत नव्हतं तर सांगायचं."

पुढच्याच आठवड्यात ते पुण्याहून कड्यांचा संच घेऊन आले. साठीला टेकलेला माणूस रात्री जेवणानंतर मोडक्या जोडावर सराव करायचा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींचा कार्बोरेटर गेला. तेव्हा आसपासची मेकॅनिक पोरं विचारायला मामांकडे येत.

२०२४ च्या फेब्रुवारीत लूना परत आली, विजेवरची. या खेपेला शेजाऱ्यांच्या दारात एक उभी होती. मामा वाकून तिच्या सीटखाली बराच वेळ बघत होते.

"काय शोधताय?"

"नळी," म्हणाले.