गोंदियाहून पुण्याला जाताय? राजा दिनकर केळकर संग्रहालय बघाच

शिक्षण, नोकरी किंवा नातेवाइकांच्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातली बरीच कुटुंबं पुण्याला जातात. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला जाते. मुलं सोबत असतील तर शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडजवळचं हे संग्रहालय जरूर पाहा.

कुणी उभारलं?
डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच वारला. संग्रहालयाला त्याचंच नाव दिलंय. १९२० च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह पुढे त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आज इथे सुमारे २० हजार वस्तू आहेत, मांडलेल्या मात्र अडीच हजारांच्या आसपास.

काय पाहाल?
दिवे, अडकित्ते, कुलुपं, दौती, वाद्यं, कोरीव दरवाजे. राजेरजवाड्यांपेक्षा साध्या घरातल्या, रोज हाताळलेल्या वस्तूच जास्त. मस्तानी महालाच्या दालनाशी थोडं थांबा. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून ते उभं केलंय. मस्तानी आणि बाजीरावांचे पुत्र समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतात मराठ्यांकडून लढले आणि त्याच जखमांनी गेले. मुलांना हे तिथेच सांगा. पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहील.

आपल्यासाठी धडा
सहाराच्या कडेला, माली देशातल्या टिंबक्टू शहरात मुस्लिम घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखितं घरात सांभाळली. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात गेलं, तेव्हा ती पेट्यांत भरून गुपचूप बामाकोला पोहोचवली. जतनाची सुरुवात घरापासूनच झाली.

आपल्याकडे मात्र दादीचं पानदान, तोटीचा लोटा, लाकडी रेहल, सुरमेदानी, दहेजात आलेली तांब्याची देग वजनावर भंगारात जाते. वस्तूसोबत तिचं नाव आणि आठवणही जाते.

म्हणून एवढं करा : वस्तूचा फोटो काढा. ती कुणाची, कुठून आली, कशासाठी वापरायचे, हे घरातल्या बुजुर्गांना विचारून वहीत लिहा. कल्हई करून घ्या, पण नक्षी घासू नका. जुने निकाहनामे आणि पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा. वाळवीवर नजर असू द्या.

संग्रहालयाची वेळ आणि तिकीटदर निघण्यापूर्वी विचारून घ्या. किमान दोन तास हाताशी ठेवा आणि जमलं तर दादी-नानीलाही सोबत न्या. वस्तूंची खरी माहिती त्याच देतील.