डालड्याच्या डब्यातली सदाफुली

घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या जुन्या चाळींत बाग म्हणजे गॅलरीचा कठडा आणि कुंडी म्हणजे डालड्याचा रिकामा डबा. बुडाला खिळ्याने चार भोके पाडायची, मातीत थोडा विटांचा चुरा मिसळायचा, की झाले. एका डब्यात तुळस, दुसऱ्यात हमखास सदाफुली. तुळशीला रोज तांब्याभर पाणी मिळे. सदाफुलीच्या वाट्याला तांदूळ धुतलेले, तेही कुणाला आठवले तर.

मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. या नव्या उपनगरांत नळाला ठरलेल्या वेळीच पाणी, बाकी दिवस पिंपावर. अशा घरांनी कमी पाण्यात बारा महिने फुलणारे झाड जवळ केले, यात नवल नाही. मे महिन्यातल्या दुपारी तिची पाने मलूल होतात, संध्याकाळी ओंजळभर पाणी पडले की पुन्हा ताठ. उन्हाने ती सहसा मरत नाही. मरते ती साचलेल्या पाण्याने. डब्याची भोके बुजली की पावसात खोड बुडाशी काळे पडते आणि झाड मान टाकते. म्हणून जाणत्या बायका मृगाआधीच भोके मोकळी करून डबा विटांवर चढवत, लांबलेले शेंडे खुडून टाकत.

शेजारच्या गुजराती घरात हिचेच नाव बारमासी. ती इतकी घरची झाली आहे, की मूळची मादागास्करची असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. अठराव्या शतकात तिचे बी पॅरिसहून लंडनच्या चेल्सी औषधी बागेत पोचले, १७५९ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले, आणि शोभेचे झाड म्हणून ती उष्ण मुलखांत सगळीकडे पसरली.

जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. तिथून १९५२ साली थोडी पाने कॅनडात आली. तिथले संशोधक रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. दुसऱ्या कुणी हा प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी मात्र हाच धागा धरला आणि १९५८ पर्यंत विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध वेगळे काढले. पाठोपाठ अमेरिकेत एली लिली कंपनीत विनक्रिस्टिन सापडले. एका पेशीच्या दोन होताना आत जे सूक्ष्म धागे विणले जातात, ते ही औषधे विणूच देत नाहीत. पानांत त्यांचे प्रमाण मात्र अगदी नगण्य; ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात.

इथे ही कथा पुन्हा उपनगरात येते. घाटकोपरच्या पुढचे स्टेशन विक्रोळी. तिथे १९६० साली सिप्ला या औषध कंपनीचा दुसरा कारखाना सुरू झाला, आणि त्याचा विशेष भर निसर्गातून मिळणाऱ्या द्रव्यांवर होता. पुढे १९८४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने सिप्लाने ही दोन्ही औषधे देशात तयार केली. त्याच सुमारास परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती सुरू झाली. तिच्या औषधांत विनक्रिस्टिन होते. गॅलरीत ज्यांच्या डोळ्यांसमोर सदाफुली फुलत होती, त्यांच्यापैकी किती जणांना हे नाते ठाऊक असेल?

साखर उतरेल म्हणून आजही कुणी कुणी सकाळी तिची पाने चावतात. हे अगदी करू नये. पान तोडल्यावर येणारा पांढरा चीक विषारी असतो. शेळीसुद्धा या झाडाला सहसा तोंड लावत नाही. म्हणूनच तर कुंपणाशिवाय ते रस्त्याकडेला टिकले.

डालड्याचे डबे गेले, चाळी पाडून टॉवर उभे राहिले. सदाफुलीच्या बारीक जोडशेंगा वाळून फुटतात, काळे दाणे पडतात, ते मुंग्या ओढून नेतात. मग पावसाळा संपता संपता एखाद्या कुंपणभिंतीच्या चिरेत चार पानांचे रोप दिसते, आणि त्याला पाणी घालणारे तिथे कुणीही नसते.