दप्तरातून माणूस शोधणारा इतिहासकार

जमाखर्चाची जुनी वही पाहिली की बहुतेकांना तीत केवळ आकडे दिसतात. हिशेब मिटला की वहीचे काम संपले, असा व्यवहारातला समज आहे. परंतु अशाच नीरस दप्तरांतून शेतकरी, मेंढपाळ आणि प्रत्यक्ष हवामान यांचा इतिहास उभा करणारा एक थोर अभ्यासक फ्रान्समध्ये होऊन गेला. एमान्युएल ल रुआ लादुरी हे त्यांचे नाव.

19 जुलै 1929 रोजी नॉर्मंडीतील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते साम्यवादी पक्षात दाखल झाले. परंतु 1956 मध्ये सोव्हिएत सैन्याने हंगेरीतील उठाव चिरडला, तेव्हा त्यांनी पक्ष सोडला. सत्य समोर आले की आपले मत बदलण्याची ही वृत्ती त्यांच्या संशोधनातही दिसून येते.

मोंपेलिए येथे अध्यापन करीत असताना त्यांनी लांगदॉक प्रांतातील जमीनमहसुलाची दप्तरे तपासली. भांडवलशाहीचा उदय त्यांत सापडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. आढळले ते निराळेच. लोकसंख्या वाढे, जमिनीचे तुकडे पडत, उत्पन्न मात्र त्या प्रमाणात वाढत नसे. आणि अखेर उपासमार व रोगराई गाव गाठी. 1966 मध्ये हा प्रबंध प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, इसवी सन 1000 पासूनच्या हवामानाचा इतिहास त्यांनी प्रकाशित केला. त्या काळी तापमापक नव्हता. मग ऊन-थंडी मोजायची कशी? फ्रान्समधील गावोगावी द्राक्षांच्या तोडणीचा दिवस जाहीर होई व त्याची नोंद राही. वसंत आणि उन्हाळा उष्ण असेल तर तोडणी लवकर, थंड असेल तर उशिरा. या तारखांना त्यांनी आल्प्स पर्वतातील हिमनद्यांच्या नोंदींची जोड दिली. 1600 च्या सुमारास शामोनी खोऱ्यातील वस्त्या पुढे सरकणाऱ्या बर्फाने गिळल्या होत्या.

हवामानाचा मानवी जीवनावरील परिणाम ठरविताना ते आरंभी फार सावध होते. उत्तरायुष्यात मात्र 2004 ते 2009 या काळात तीन खंड लिहून त्यांनी थंडी, पाऊस, पीक आणि मृत्यू यांचा संबंध सविस्तर मांडला. 1693-94 च्या दुष्काळात फ्रान्समध्ये सुमारे 13 लाख माणसे दगावली, ही त्यातील एक हृदयद्रावक नोंद.

त्यांना अमाप कीर्ती दिली ती 1975 च्या ‘मोंतायू’ या ग्रंथाने. पिरेनीज पर्वतातील सुमारे अडीचशे वस्तीचे हे खेडे. तेथील कॅथार पंथीयांची पामिएचे बिशप झाक फुर्निए यांनी चौकशी केली व प्रत्येक जबाब लिहून ठेवविला. हेच बिशप 1334 मध्ये पोप बेनेडिक्ट बारावे झाले. छळासाठी लिहिलेल्या त्या कागदांतून लादुरींनी गावाची चूल, शेजार, प्रेम आणि भीती वाचली.

कॅथारांचे साधुजन मांसाहार वर्ज्य करीत, पशुहत्या टाळीत आणि आत्मा पशुदेहातही जातो असे मानीत. पूर्वजन्मी घोडा असताना दोन दगडांत अडकून गळालेला नाल मनुष्यजन्मात त्याच जागी शोधून काढणाऱ्या साधूची कथा त्या जबाबांत आहे. मासे मात्र त्यांना निषिद्ध नव्हते आणि त्यांचे तत्त्वज्ञानही वेगळ्या मुळाचे होते. तरीही जैन वाचकाचे मन येथे क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही.

1973 ते 1999 ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होते; 1987 ते 1994 राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख होते. 22 नोव्हेंबर 2023 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जैसलमेर, पाटण आणि मूडबिद्री येथील भांडारांत पूर्वजांनी धर्मग्रंथ जिवापाड जपले. पेढ्यांच्या चोपड्यांच्या वाट्याला मात्र ती माया क्वचितच आली. धान्याचे भाव, उधारी, दुष्काळातील दानधर्म यांच्या कितीतरी नोंदी रद्दीत गेल्या. लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची जाणीव नसते. जपणाऱ्याला मात्र ती असावी लागते. ज्या घरात वा मंदिराच्या कपाटात अशी एखादी वही अजून शिल्लक असेल, तिथे ती टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, हाच लादुरींच्या जीवनकार्याचा आपल्यासाठी बोध होय.